कापराची झाडे आणि एक निनावी स्त्री

कापूर म्हटला, की आपल्याला आरतीचे तबक आठवते. पण कापराची पाच वृद्ध झाडे दक्षिण आफ्रिकेतही एका जुन्या घरासमोर उभी आहेत. केप टाउनपासून सुमारे ५० किलोमीटरवर सॉमरसेट वेस्ट नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच ही इस्टेट आहे. तिचे नाव फेरखेलेगन, म्हणजे 'दूरवर वसलेली'. आज ती वाइनसाठी प्रसिद्ध आहे. पण तिची गोष्ट बाटलीवरच्या लेबलात मावणारी नाही.

केप ही तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीची वसाहत होती. १७०० साली गव्हर्नर विलेम आद्रियान फान डेर स्टेल याने ही जमीन स्वतःच्या नावे करून घेतली. त्याने टुमदार घर बांधले, अष्टकोनी बाग केली, कापराची झाडे लावली आणि द्राक्षांच्या लाखो वेली. वेतन कंपनीचे, शेती स्वतःची! त्याच्या या मळ्यापुढे साध्या शेतकऱ्यांच्या मालाला बाजार उरेना. तेव्हा आडाम टास या शेतकऱ्याच्या पुढाकाराने थेट हॉलंडला तक्रारअर्ज गेला. गव्हर्नराने टासला तुरुंगात टाकले, पण अखेर त्यालाच परत बोलावण्यात आले. १७०७ साली त्याची सत्ता संपली आणि इस्टेटीचे चार भाग करून ते विकले गेले.

इतिहासाच्या पुस्तकांत हा लढा शेतकऱ्यांचा विजय म्हणून येतो. पण या वेली प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी लावल्या? गुलामांच्या. १८०८ पर्यंत केपला सुमारे ६३ हजार गुलाम आणले गेले आणि त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या भारतीय उपखंडातला होता. बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून जहाजात भरलेली ही माणसे. त्यांची खरी नावे पुसली जात आणि कागदोपत्री 'बंगालचा अमुक', 'मलबारची तमुक' एवढीच ओळख राही. गंमत, खरे तर विषाद, असा की खुद्द गव्हर्नराची पणजी मोनिका ही गोव्याच्या किनाऱ्यावरची गुलाम स्त्री होती, असे वंशावळीचे अभ्यासक सांगतात.

पुढे इस्टेटीचे मालक बदलत गेले. १९१७ मध्ये खाणसम्राट लायोनेल फिलिप्स यांनी ती घेतली आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी पडझड झालेले घर पुन्हा उभे केले. १९८७ साली अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीने ती विकत घेतली. नव्या वेली लावल्या गेल्या आणि टेकडीवर, अर्धी जमिनीत दडवलेली अष्टकोनी वायनरी १९९२ मध्ये सुरू झाली.

त्याच सुमारास पुरातत्त्वज्ञांनी गुलामांच्या जुन्या निवासाची जागा खणली. जमिनीखाली एका शवपेटीत पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीचा सांगाडा सापडला. दात लहानपणी घडतात, हाडे मात्र आयुष्यभर बदलत राहतात. त्यामुळे दोन्हींच्या रासायनिक तपासणीतून आहार कळतो. तिच्या दातांत ज्वारी-बाजरीसारख्या उष्ण प्रदेशातील धान्यांची खूण होती, तर हाडांत समुद्रातल्या अन्नाची. म्हणजे ती दूरच्या उष्ण मुलखात वाढली आणि नंतर केपला आली. तिचा देश कोणता, हे हाडांनी सांगितले नाही. नाव तर कुठेच नाही.

केपमधील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण प्रत्यक्ष सुटका व्हायला १८३८ उजाडले. या स्त्रीपर्यंत तो दिवस पोहोचलाच नाही. गव्हर्नराचे नाव मात्र आजही प्रत्येक माहितीपत्रकात सापडते.

म्हणून जुने वाडे, मळे, इस्टेटी पाहायला जाल तेव्हा मालकाचे नाव जरूर वाचा. पण तेवढ्यावर थांबू नका. भिंत कोणी बांधली, वेलींना पाणी कोणी घातले, रात्री ती माणसे कुठे निजत, हेही विचारा. उत्तर मिळेलच असे नाही. पण प्रश्न विचारला, तर त्या निनावी माणसांची निदान आठवण तरी राहते.