उसण, मणका आणि कोर्टकचेरी

कंबरेत उसण भरली की पूर्वी आमच्याकडे डॉक्टरला कुणी बोलावत नसे. पायाळू माणूस शोधत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, असा समज. आमच्या मोहल्ल्यात असे एक मामू होते. अब्बांची कंबर धरली की मला त्यांच्याकडे पिटाळलं जाई. मामू येत, टाच टेकवत, चहा पीत आणि जात. पैशांचं नाव काढत नसत.

तालमीतले वस्ताद, हाडवैद्य, मालिशवाले ही सगळी त्याच बिरादरीतली माणसं. ही बिरादरी जुनी आहे. माणसाला फळीवर ताणून पाठीचं कुबड दाबण्याची रीत हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत आहे, आणि अकराव्या शतकातल्या बू अली सीनाच्या ‘कानून’मध्येही सांधे ओढून बसवण्याचा विचार आहे. इंग्लंडात १८६७ साली जेम्स पॅजेट या नामांकित शल्यविशारदाने आपल्या व्यवसायबंधूंना बजावलं होतं की, हाडं बसवणारे काही रोगी बरे करतात. त्यांच्याकडचं चांगलं तेवढं शिकून घ्या.

या हातोटीचा कायद्याने मान्य केलेला व्यवसाय मात्र अमेरिकेत झाला. मिसिसिपी नदीकाठी, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ राहत. कॅनडात १८४५ साली जन्मलेले. शाळामास्तर, मधमाश्या पाळणारा, वाणी असे उद्योग करून झाल्यावर ते हातातल्या ‘चुंबकशक्ती’ने रोग बरे करू लागले होते. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणारा हार्वी लिलार्ड हा कृष्णवर्णीय माणूस सतरा वर्षं बहिरा होता. १८९५ च्या सप्टेंबरात पामरनी त्याच्या पाठीतला एक उंचावलेला मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं पामर सांगत. लिलार्डच्या मुलीने पुढे वेगळीच हकीकत सांगितली. वडील मित्राला विनोद सांगत होते, पामरनी हसत हसत त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि काही दिवसांनी त्यांना बरं ऐकू येऊ लागलं. डॉक्टर तेव्हापासून एकच शंका काढत आले आहेत : कानाची नस कवटीतच असते, पाठीतून जात नाही, मग हे घडलं कसं? लिलार्डची साक्ष छापली गेली ती पामरांच्याच पत्रकात. त्या झाडूवाल्याला त्या दिवशी खरोखर काय वाटलं, हे कळण्याचा दुसरा रस्ता उरलेला नाही. कवी म्हणून मला या गोष्टीतली सगळ्यात मोठी रिकामी जागा हीच वाटते.

सॅम्युएल वीड या पाद्र्याने ग्रीक शब्द जोडून नाव सुचवलं, कायरोप्रॅक्टिक. म्हणजे हाताने करायचं काम. इथवर ठीक होतं. पण पामरनी जवळजवळ सगळेच रोग सरकलेल्या मण्यांमुळे, असं मांडलं. वैद्यकीचा परवाना नसल्याने १९०६ साली त्यांना तुरुंगात जावं लागलं. १९०७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये मोरिकुबो या जपानी कायरोप्रॅक्टरवर असाच खटला झाला. ही विद्या ऑस्टिओपथीपेक्षा निराळी आहे, असं त्याच्या वकिलाने पटवलं आणि तो सुटला. पहिला परवाना कायदा कॅन्सासमध्ये १९१३ साली झाला. शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४. एकसष्ट वर्षं लागली.

मधल्या काळात धुरा होती मुलाकडे, बी. जे. पामरकडे. त्यांनी १९१० मध्येच क्ष-किरण यंत्र वापरायला घेतलं आणि १९२२ मध्ये चक्क एक रेडिओ केंद्र विकत घेतलं. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन तिथेच निवेदक म्हणून लागले. मायक्रोफोनची ताकद त्या माणसाने फार लवकर ओळखली. मायक्रोफोनसमोर बसून हे सांगताना मला त्याचं कौतुकही वाटतं आणि थोडी धास्तीही.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली. तिचं मुख्य लक्ष्य कायरोप्रॅक्टर. डॉक्टरांनी त्यांच्याशी व्यावसायिक संबंध ठेवणं अनैतिक मानलं जाई. चेस्टर विल्क आणि त्यांचे सहकारी १९७६ मध्ये कोर्टात गेले. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी निकाल दिला, की हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. ढोल वाजले. पण त्याच न्यायाधीशांनी हेही स्पष्ट केलं होतं की, ही उपचारपद्धती खरी की खोटी हे कोर्ट ठरवू शकत नाही, ते काम शास्त्रीय अभ्यासाचं. हा भाग मिरवणुकीत कुणी वाचून दाखवला नाही.

माझ्या मते या व्यवसायाला खरी प्रतिष्ठा मिळू लागली ती दावे आवरते घेतल्यावर. डेन्मार्कमध्ये ओडेन्सच्या विद्यापीठात १९९४ पासून कायरोप्रॅक्टिकचे विद्यार्थी सुरुवातीची वर्षं वैद्यकीच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकू लागले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी नोंदणीचा कायदा झाला. तिथे २००८ मध्ये लेखक सायमन सिंग यांनी मुलांच्या दमा, पोटशूळ यांवरच्या दाव्यांवर टीका केली, तेव्हा कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. २०१० मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी ब्रिटनच्या कायरोप्रॅक्टिक परिषदेने सांगितलं की, मणका सरकल्याने रोग होतात या मूळ कल्पनेला संशोधनाचा आधार नाही. संस्थापकाचा पायाच काढला म्हणायचा! तरी घर उभं राहिलं. कारण कंबरदुखीवर या उपचाराचा थोडाफार उपयोग होतो, हे दिसत होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये कंबरदुखीच्या औषधाविना उपायांत मणक्यांवरच्या या हस्तोपचाराचा समावेश केला.

आजचा जाणता कायरोप्रॅक्टर आधी विचारपूस करतो. ताप आहे का, पाय बधिर होतो का, लघवीवरचा ताबा गेला का, पूर्वी कर्करोग झाला होता का? यातलं काही असेल तर हात न लावता डॉक्टरकडे धाडतो. नसेल तर नेमक्या सांध्याला झटकन हिसका देतो, व्यायाम शिकवतो. तो ‘कट’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात पोकळी होते, तिचा असतो. बोटं मोडताना येतो तोच हा आवाज.

आपल्याकडे या व्यवसायाची वेगळी वैधानिक परिषद नाही. मोबाईलवर मात्र माना कडाकड मोडल्याच्या चित्रफितींचा सुळसुळाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणासाठी चार वर्षं, किमान ४२०० तास, असं माप घालून दिलं. त्यातले हजार तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. मानेला दिलेल्या झटक्यानंतर त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं विरळ, पण नोंदलेली आहेत. मामू फक्त टाच टेकवत, मानेला कधी हात लावत नसत. दाढी करून झाल्यावर न्हावी मान धरतो तेव्हा ‘राहू दे’ म्हणायला काही पैसे पडत नाहीत.