माजूर, दिव्यांग आणि हिंमतवाले : एका जागतिक स्पर्धेचा इतिहास

शाळेत दरवर्षी हिवाळ्यात क्रीडा सप्ताह असतो. वर्गशिक्षकाने आपल्या वर्गातील खेळाडूंची यादी करून द्यायची असते. काही वर्षांपूर्वी अशी यादी करताना पाचवीतील एका मुलाच्या नावापुढे मी ‘माफी’ असे लिहिले. त्याचा एक पाय लहानपणापासून अशक्त होता. आपण त्याच्यावर दया केली, असे मला तेव्हा वाटले. सप्ताहभर तो मैदानाच्या कडेला सर्वांच्या चपला आणि दप्तरे सांभाळत बसला. शेवटच्या दिवशी त्याने मला विचारले, “सर, माफी कशाची? मी काय केलं?”

या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते. आज हा लेख लिहिण्याचे कारण तो प्रश्नच आहे.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातेच. उर्दूत अपंग व्यक्तीला ‘माजूर’ म्हणतात. मूळ अरबी शब्द ‘उज़्र’, म्हणजे सबब, अडचण. जुन्या मराठी कागदपत्रांतही तो ‘उजूर’ या रूपात भेटतो. माजूर म्हणजे ज्याची सबब मान्य झाली आहे असा, ज्याला सूट मिळाली आहे असा. शब्द सभ्य आहे, त्यात हेटाळणी नाही. पण ज्याला सूट दिली त्याची वाट कोणी पाहत नाही, हेही खरे. ज्या जागतिक स्पर्धेबद्दल आज सांगायचे आहे, तिचा इतिहास म्हणजे ही सूट नाकारणाऱ्या माणसांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात मैदानात झाली नाही, रुग्णालयात झाली. डॉ. लुडविग गुटमान हे जर्मनीतील ज्यू मेंदूतज्ज्ञ. नाझी राजवटीत ते ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात काम करत होते. नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे जाळली गेली. त्या रात्री दारात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी रुग्ण म्हणून दाखल करून घेतले आणि सुमारे 60 लोकांना अटकेपासून वाचवले. पुढच्याच वर्षी ते कुटुंबासह इंग्लंडला गेले. निर्वासित म्हणून आलेल्या या डॉक्टरकडे 1944 मध्ये स्टोक मँडव्हिल येथील कण्याच्या दुखापतींचे केंद्र सोपवण्यात आले. युद्धात पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकाने अंथरुणात पडून मृत्यूची वाट पाहायची, अशी तेव्हाची समजूत होती. गुटमान यांनी त्यांना उठवून बसवले, हातात धनुष्यबाण दिले आणि चाकाच्या खुर्चीवरचे खेळ सुरू केले.

29 जुलै 1948 रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर 16 जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. 1952 मध्ये हॉलंडचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. 1960 मध्ये ती रोमला गेली. पॅरालिंपिकची मोजणी आज तेथूनच होते.

या इतिहासात महाराष्ट्राचे नाव लवकर येते. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि ते कायमचे जायबंदी झाले. 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात 37.33 सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली ती 2018 मध्ये, म्हणजे 46 वर्षांनी. त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट 2024 मध्ये आला, तोवर आपल्यापैकी कितीजणांनी हे नाव ऐकले होते? मी स्वतः ऐकले नव्हते. शिक्षक असून ऐकले नव्हते.

त्या काळात चाकाच्या खुर्चीवरचे खेळाडू, अंध खेळाडू, अवयव गमावलेले खेळाडू आणि सेरेब्रल पाल्सी असलेले खेळाडू या सर्वांच्या आंतरराष्ट्रीय संघटना वेगवेगळ्या होत्या. सप्टेंबर 1989 मध्ये जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फ शहरात आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती स्थापन झाली आणि सर्वांसाठी एक छत्र तयार झाले. धावणे, उड्या आणि फेकीचे खेळ यांची पहिली जागतिक स्पर्धा या समितीने 1994 मध्ये भरवली. शहर होते बर्लिन. ज्या राजधानीतून अपंगांना ‘निरुपयोगी जीव’ ठरवून ठार मारण्याचे हुकूम निघाले, जिच्या राजवटीमुळे गुटमान यांना देश सोडावा लागला, त्याच शहरात जगभरचे अपंग खेळाडू आपापल्या देशाच्या नावाने धावले. ते पाहायला गुटमान नव्हते. 1980 मध्येच त्यांचे निधन झाले होते.

बर्लिननंतर 1998 ला बर्मिंगहॅम, 2002 ला फ्रान्समधील लील, 2006 ला नेदरलँड्समधील आसेन असा चार-चार वर्षांचा प्रवास झाला. जानेवारी 2011 मध्ये स्पर्धा न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला झाली. ती संपून तीन आठवडे होतात न होतात तोच 22 फेब्रुवारीला तेथे भीषण भूकंप झाला, 185 लोक दगावले आणि स्पर्धेचे ते मैदानही पुढे पाडावे लागले. तेव्हापासून स्पर्धा दर दोन वर्षांनी घेण्याचे ठरले. 2013 ला ल्यों, 2015 ला दोहा, 2017 ला लंडन, 2019 ला दुबई. कोरोनामुळे जपानमधील कोबेची स्पर्धा दोनदा पुढे गेली आणि 2024 ला झाली. त्याआधी 2023 ला पॅरिसची झाली. बारावी स्पर्धा 27 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर 2025 या काळात आपल्या दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भरली.

वाचकांना प्रश्न पडेल की एक डोळ्यांनी अधू, दुसरा हाताने, तिसरा पायाने, मग शर्यत न्याय्य कशी होणार? त्यासाठी वर्गवारी आहे. धावण्याच्या शर्यतींना ‘टी’ आणि फेकीच्या प्रकारांना ‘एफ’ हे अक्षर असते आणि पुढे आकडा. 11 ते 13 हे दृष्टिदोषासाठी, 20 बौद्धिक अक्षमतेसाठी, तिशीतले आकडे सेरेब्रल पाल्सीसारख्या अडचणींसाठी, 40 आणि 41 कमी उंचीसाठी, 45 ते 47 हातांसाठी, पन्नाशीतले आकडे बसून खेळणाऱ्यांसाठी. टी-11 मध्ये धावपटूच्या डोळ्यांवर पट्टी असते. एका दोरीने तो सोबतच्या मार्गदर्शक धावपटूशी जोडलेला असतो, आणि पदक मिळाले तर त्या सोबत्यालाही मिळते.

या वर्गवारीत फसवणूकही झाली आहे. 2000 च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये स्पेनच्या सुवर्णविजेत्या बास्केटबॉल संघातील बहुतेक खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नव्हतीच, हे नंतर उघड झाले. त्याची शिक्षा निरपराध खेळाडूंना भोगावी लागली. 2012 पर्यंत तो गटच पॅरालिंपिकमधून बाद राहिला. खोट्याने केलेल्या चोरीचा भुर्दंड खऱ्याला पडतो, तो असा.

आणि ज्यांना हे खेळ दयेपोटी भरवलेले वाटतात, त्यांच्यासाठी दोन आकडे. 2015 च्या दोहा स्पर्धेत कृत्रिम पाय लावलेल्या जर्मनीच्या मार्कुस रेमने 8.40 मीटर लांब उडी मारली. त्याआधीच्या लंडन ऑलिंपिकचे सुवर्ण 8.31 मीटरला गेले होते आणि पुढच्या वर्षी रिओचे 8.38 ला गेले. रिओ पॅरालिंपिकमध्ये दृष्टिदोष असलेला अल्जेरियाचा अब्दुललतीफ बाका 1500 मीटर 3 मिनिटे 48.29 सेकंदांत धावला. त्याच शहरातील ऑलिंपिकचा विजेता 3 मिनिटे 50 सेकंदांत आला होता. ऑलिंपिकची ती शर्यत संथ झाली होती, हेही सांगितले पाहिजे. तरी आकडा आकडाच असतो.

भारताची वाटचाल पदकांच्या आकड्यांत दिसते. दुबईत 9 पदके, पॅरिसला 10, कोबेला 17, दिल्लीत 22. कोबेमध्ये तेलंगणच्या वारंगळ जिल्ह्यातील दीप्ती जीवनजीने टी-20 गटात 400 मीटर 55.07 सेकंदांत धावून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. बौद्धिक अक्षमतेमुळे गावाने तिला आणि तिच्या आईवडिलांना पुष्कळ टोमणे ऐकवले होते.

आपल्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडले आणि त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. ते अभियंता झाले, भालाफेक करू लागले, खांदा दुखावल्यावर गोळाफेकीकडे वळले. 2023 ला पॅरिसमध्ये 16.21 मीटर आणि 2024 ला कोबेत 16.30 मीटर फेकून ते एफ-46 गटाचे सलग दोनदा विश्वविजेते झाले. त्याच वर्षी पॅरालिंपिकचे रौप्य मिळाले. पेटकर सांगली जिल्ह्याचे, खिलारीही सांगली जिल्ह्याचे. मधल्या पन्नास वर्षांत त्या जिल्ह्यात, आणि सगळ्या महाराष्ट्रात, किती मुले मैदानाच्या कडेला बसून राहिली असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आता पुन्हा शब्दाकडे येतो. 2019 ची स्पर्धा दुबईतील ज्या क्लबच्या मैदानावर झाली, त्याच्या अरबी नावात ‘अस्हाब-उल-हिमम’ हे शब्द आहेत. संयुक्त अरब अमिरातीने 2017 पासून अपंग नागरिकांसाठी हाच शब्द अधिकृत केला आहे. ‘हिमम’ हे ‘हिम्मा’चे अनेकवचन आणि त्याच ‘हिम्मा’पासून फारसी-उर्दूतून आपल्याकडे आलेला शब्द म्हणजे ‘हिंमत’. मराठेशाहीत ‘हिंमतबहादूर’ हा किताब होता. शब्द बदलल्याने मनुष्य बदलत नाही, हे मान्य. आपणही अपंगचे दिव्यांग केले आणि रॅम्प बांधायचे विसरलो. पण सूट दिलेला माणूस आणि हिंमतवाला माणूस यांच्याकडे पाहण्याच्या नजरा वेगळ्या आहेत, आणि शिक्षकाला तर नजरेनेच निम्मे काम करावे लागते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अक्षमतेचे प्रकार 7 वरून 21 केले. त्याच कायद्याच्या कलम 16 मध्ये शाळांना स्पष्ट सांगितले आहे की अशा मुलांना शिक्षणाबरोबर खेळाची आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी. म्हणजे मी यादीत लिहिलेली ती ‘माफी’ दया नव्हती. ती त्या मुलाच्या हक्कावर मारलेली रेघ होती. बी.एड. करताना समावेशक शिक्षणावर पानेच्या पाने लिहून मी गुण मिळवले होते. प्रत्यक्ष यादी हातात आली तेव्हा त्यातले काही आठवले नाही.

तो मुलगा नंतर शाळा सोडून गेला. वडिलांची बदली झाली, एवढेच कळले. त्याचे उत्तर माझ्याकडे राहून गेले. माफी त्याने मागायची नव्हती, मी मागायची होती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मैदानावरच्या लिंबाच्या झाडाला एक लोखंडी खुर्ची दोरीने घट्ट बांधली. स्पर्धेत बसून फेकणाऱ्यांची खुर्ची अशीच जमिनीला पक्की केलेली असते. सहावीतील एका मुलीने त्या खुर्चीवर बसून लहान गोळा फेकला. चुन्याची रेघ ओढून मोजला तेव्हा तो तीन मीटरही भरला नाही. तिने टेप पुन्हा लावायला सांगितले, स्वतः वाकून आकडा पाहिला आणि म्हणाली, “सर, अजून एक संधी आहे ना?”

नियमाप्रमाणे होती. दिली.