उपनगरांतील उद्याने सर्व मुलांसाठी : कोहका, भिलाई

भिलाई (छत्तीसगड) : मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्गलगत वसलेली भिलाई ही पोलादनगरी म्हणून ओळखली जाते. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याची वसाहत ‘सेक्टर’निहाय आखण्यात आली आणि १९७२ मध्ये मैत्रीबाग हे उद्यान व प्राणिसंग्रहालय साकारले. कोहका परिसर मात्र या आखीव वसाहतीबाहेरचा. अशा उपनगरांत लहानशा उद्यानावरच मुले, महिला व ज्येष्ठ नागरिक यांच्या विरंगुळ्याची भिस्त असते. त्यामुळे त्याचे अद्ययावतीकरण करताना कोणाला आत येता येईल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कायदेशीर आधार : ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे हा नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येणारा विषय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद असून विरंगुळा व मनोरंजन यांचाही सार्वजनिक सुविधांत समावेश आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. बालहक्क संहितेच्या कलम ३१ ने मान्य केलेला खेळण्याचा हक्क भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आहे.

निधी : जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत’ अभियानात छत्तीसगडमधील नऊ शहरांत भिलाईचा समावेश होता. अभियानाच्या निधीतील २.५ टक्के वाटा उद्याने व हरित क्षेत्रांसाठी राखून ठेवण्यात आला होता.

रचनेचे निकष : केवळ एखादा विशेष झोपाळा बसवल्याने उद्यान सर्वसमावेशक होत नाही. प्रवेशद्वारापासून खेळापर्यंतची वाट अखंड असावी लागते. दुचाकी रोखण्यासाठी बसवलेले फिरते फाटक चाकाच्या खुर्चीलाही अडवते. उतरणीचे प्रमाण १:१२ असावे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंची चढण्यासाठी किमान १.८ मीटर लांबीचा उतार हवा. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाण्यासाठी १.८ मीटर रुंद वाट लागते, तर खुर्ची वळवण्यासाठी सुमारे दीड मीटर मोकळी जागा लागते. वाळूत चाके रुततात. त्यामुळे खेळाच्या जागेपर्यंत टणक किंवा रबरी पृष्ठभाग आवश्यक ठरतो. दृष्टिहीनांसाठी उंचवट्यांच्या मार्गदर्शक फरश्या, तर गोंगाटाने अस्वस्थ होणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी शांत कोपरा उपयोगी पडतो. मात्र हा कोपरा मुख्य खेळापासून तोडलेला नसावा. मुले एकत्र खेळावीत, हाच समावेशाचा हेतू आहे.

हवामान : छत्तीसगडच्या मैदानी भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. धातूची घसरगुंडी तेव्हा भाजण्याइतकी तापते. म्हणून जुनी झाडे राखून त्यांच्या सावलीत खेळणी मांडणे, पिण्याचे पाणी आणि रुंद दाराचे स्वच्छतागृह यांना शोभेच्या कारंज्यापेक्षा प्राधान्य द्यावे लागते.

जवळचे उदाहरण : याच लोहमार्गावरील नागपूरच्या पारडी परिसरात २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते ‘अनुभूती सर्वसमावेशक उद्याना’ची पायाभरणी झाली. सुमारे ९० हजार चौरस फुटांच्या या प्रकल्पात सर्व २१ प्रकारच्या दिव्यांगांचा विचार असून स्पर्श व गंधाची बाग प्रस्तावित करण्यात आली. असा प्रकल्प शहराला एखादाच परवडतो. रोज संध्याकाळी पालकांना मुलांना नेता येईल ते उद्यान वस्तीतच लागते.

देखभाल : सैल झालेली साखळी, उखडलेली फरशी किंवा कुलूपबंद स्वच्छतागृह यामुळे अद्ययावत उद्यानही काही मुलांसाठी पुन्हा बंद होते. त्यामुळे उभारणीच्या खर्चासोबत दुरुस्तीची वार्षिक तरतूद हवी, तसेच आराखडा ठरवताना आणि नंतरच्या तपासणीत दिव्यांग मुलांच्या पालकांचा सहभाग आवश्यक आहे. चाकाच्या खुर्चीवरील मूल कोणी उचलून न घेता खेळापर्यंत पोहोचते का, ही अशा उद्यानाची पहिली कसोटी आहे.