रोझेटाबाईंची गिटार
रॉक अँड रोल म्हटले की एल्विस प्रेस्ली आठवतो. जुन्या तबकड्यांचे शौकीन मात्र आधी सिस्टर रोझेटा थार्प यांचे नाव घेतात. १९१५ साली आर्कान्सॉत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाईंनी भजने विजेच्या गिटारीवर अशी काही झणकावली, की चर्चवाल्यांनी नाके मुरडली! १९४७ साली मेकन गावी त्यांनी चौदा वर्षांच्या एका पोराला आपल्या कार्यक्रमात गायला लावले. तोच पुढचा लिटल रिचर्ड. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या बंद पडलेल्या रेल्वे-स्थानकात त्या गायल्या. पाऊस आला, तर गाणेही पावसाचेच! पलीकडच्या फलाटावर बसलेले श्रोते ती संध्याकाळ विसरले नाहीत.

१९७३ साली फिलाडेल्फियात बाई वारल्या. थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. २००८ मध्ये चाहत्यांनी जलसा करून पैसे उभे केले, तेव्हा कुठे तो बसला.