योसेफाचे मोजे

जर्मनीत आखेनच्या कॅथेड्रलमध्ये एक जाडंभरडं तपकिरी कापड जपून ठेवलेलं आहे. 1349 पासून दर सात वर्षांनी ते भाविकांना दाखवायची प्रथा आहे. ही बाळ येशूची बाळोती, अशी श्रद्धा. आणि ती निघाली योसेफाच्या मोज्यांतून! बेथलेहेमच्या गोठ्यात बाळाला गुंडाळायला काही नव्हतं, तेव्हा बापाने पायातले लांब मोजे उतरवून कापले, अशी मध्ययुगातली कथा. कापड खरं की खोटं, हा वाद बाजूला ठेवू. मोज्यांतून बाप आठवणाऱ्यांना शुभवर्तमानातला योसेफ नेमका कळला होता, हे नक्की.

कारण तिथे त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याला चार वेळा स्वप्नात सूचना मिळते: मरीयेला घरी आण, इजिप्तला पळ, परत ये, गालीलकडे वळ. दर वेळी तो मुकाट्याने तसं करतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात हरवतो आणि मंदिरात सापडतो, तेव्हाही त्याला रागे भरते ती मरीयाच.

अशा माणसाचं काय करावं, हे चर्चला बराच काळ उमगलं नसावं. पूर्वेकडच्या जन्मचित्रांत तो कोपऱ्यात, गालाला हात लावून बसलेला असतो. पश्चिमेकडच्या धार्मिक नाटकांत तर बऱ्याचदा म्हातारा, हसण्याचं गिऱ्हाईक.

चित्रकारांनी मात्र त्याला घरकामाला जुंपलं. कॉनराड फॉन झोस्टने 1403 च्या सुमारास विल्डुंगेनच्या वेदीसाठी केलेल्या चित्रात योसेफ ओणवा होऊन विस्तवावर फुंकर घालतोय, वर भांड्यात काहीतरी शिजतंय. अँटवर्पच्या मेयर व्हान डेन बर्ग संग्रहालयात त्याच काळातलं एक चित्र आहे. त्यात तो एक पाय उघडा टाकून मोजा कापत बसलाय. जर्मन चर्चमध्ये नाताळात पाळणा हलवायची रीत होती. त्या वेळच्या गाण्यात मरीया योसेफाला म्हणते, जरा झोका द्यायला ये. यात थट्टा असेलही; पण रडतं पोर खांद्यावर घेऊन रात्री येरझाऱ्या घातलेल्या बापाला ती झोंबायची नाही.

मानपान पुढे आला. 1416 मध्ये पॅरिसचा धर्मपंडित जाँ जेरसाँ याने कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत योसेफाच्या सणाचा आग्रह धरला; तो म्हातारा नव्हे, ऐन उमेदीतला होता, असंही त्याचं म्हणणं. 1621 मध्ये 19 मार्चचा सण सगळीकडे पाळायचं ठरलं, 1870 मध्ये योसेफ अखिल कॅथलिक चर्चचा आश्रयदाता झाला, 1955 मध्ये 1 मे हा कामगार योसेफाचा दिवस ठरला. या थोरवीत चित्रांतली चूल विझली आणि हातात लिलीचं फूल आलं. सौदा काही फार फायद्याचा नव्हे.

डिसेंबर 2019 मधल्या एका सभेत पोप फ्रान्सिस यांनी आपल्याला भेट मिळालेल्या एका छोट्या चित्राविषयी सांगितलं. त्यात मरीया झोपलेली आहे आणि बाळ योसेफाने घेतलंय. चित्राचं नाव, ‘आईला विश्रांती घेऊ द्या’. मग रडणाऱ्या बाळापायी रात्र वाटून घेणाऱ्या नवरा-बायकोंचाही त्यांनी उल्लेख केला.