कातडीखालच्या डबीची कुळकथा

मुंबईच्या इस्पितळांत ‘कीमोपोर्ट’ या नावाने परिचित असलेली, कर्करोगाच्या रुग्णाच्या छातीत कातडीखाली बसवलेली ती नाण्याएवढी डबी ज्या घराण्यात जन्मली, त्याच्या बहुतेक पूर्वजांच्या ध्यानीमनीही कर्करोग नव्हता.

मूळपुरुष म्हणावा तो वेर्नर फोर्समान. वरिष्ठांची साफ मनाई असताना, १९२९ साली एबर्सवाल्डे येथे या पंचविशीतल्या जर्मन डॉक्टराने मूत्रमार्गासाठी असलेली नळी स्वतःच्या कोपराजवळील नीलेतून ६५ सेंटिमीटर आत सारली आणि तशाच अवस्थेत जिना उतरून, ती हृदयात पोचल्याचा पुरावा क्ष-किरण चित्रात नोंदवून घेतला. त्या हुकूमभंगाची कदर १९५६च्या नोबेल पारितोषिकाने झाली. त्याआधीच, १९५२ साली ओबानियाक यांनी जत्रुकास्थीखालची मोठी नीला सुईने गाठली, तर स्टॉकहोमच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार व तारेवरून नळी सरकवण्याची, आजही अबाधित असलेली वहिवाट १९५३ साली प्रसिद्ध केली.

सिएटलच्या ब्रोव्हियाक व हिकमन यांच्या सिलिकोनच्या नळ्या महिनोन्‌महिने टिकत. पण त्यांचे टोक छातीबाहेर लोंबे, आणि तिथूनच जंतूंचा शिरकाव होई. १९८२ साली मिशिगनमध्ये नीडरह्यूबर व सहकाऱ्यांनी नळीसह सारे उपकरणच कातडीखाली नेले. मात्र औषध देण्यासाठी डबीचा सिलिकोनचा पडदा वारंवार टोचूनही गळू नये, ही किमया सिएटलचे दंतवैद्य राल्फ ह्यूबर यांनी १९४०च्या दशकात सिद्ध केलेल्या बाकदार टोकाच्या सुईची. ती पडद्याचा तुकडा न कापता त्याला केवळ बाजूला सारते. या दंतवैद्याचे नाव रुग्णांपर्यंत पोचले नाही, हा मला अन्यायच वाटतो.

खरी कसोटी शस्त्रक्रियेची. जत्रुकास्थी आणि पहिली बरगडी यांच्या कात्रीत सापडलेली नळी हालचालींनी झिजून तुटते आणि तिचा तुकडा थेट हृदयाकडे वाहत जातो, हे उमगल्यावर शल्यविशारदांनी प्रवेशाची जागा बाहेरच्या अंगाला नेली, किंवा ध्वनिलहरींच्या चित्रावर नजर ठेवून मानेतील नीला पत्करली. नळीचे टोक ऊर्ध्व महानीला व हृदयाचा उजवा कर्णिका-कप्पा यांच्या संधीपाशी ठेवावे लागते, कारण वर राहिल्यास रक्त गोठण्याची आणि फार आत गेल्यास हृदयाची लय बिघडण्याची धास्ती असते. काही शल्यविशारद मात्र खांद्याजवळील खाचेत छेद घेऊन तिथली नीला उघडी करून नळी घालण्याचा जुना दस्तूरच अजूनही पसंत करतात, कारण त्यात फुप्फुसाला सुई लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.