हिंगोलीच्या छावणीतील एक जिज्ञासू

सेनगाव तालुक्यातील पुसेगावाहून हिंगोलीस जाताना सोबत एखादे वृद्ध गृहस्थ असले, तर छावणीची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. हिंगोली आज जिल्ह्याचे ठिकाण आहे. १९९९ साली परभणीपासून तो जिल्हा वेगळा झाला. परंतु एकोणिसाव्या शतकात या गावाची ओळख निजामाच्या कंटिंजंट फौजेचे एक ठाणे अशी होती. १९०३ साली ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे नाव तेवढे उरले. या छावणीत १८३० च्या सुमारास फिलिप मेडोज टेलर नावाचा एक तरुण अधिकारी राहत होता. जन्माने तो लिव्हरपूलचा, १८०८ मधला. एका व्यापाऱ्याच्या पेढीत भागीदारी मिळेल या आशेने तो १८२४ साली, अजून पुरता सोळा वर्षांचाही नसताना, मुंबईस आला. ती आशा पोकळ ठरली, आणि एका आप्ताच्या खटपटीने त्यास निजामाच्या फौजेत जागा मिळाली.

आम्ही या माणसाकडे वळलो ते त्याच्या हुद्द्यामुळे नव्हे. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेला हा मनुष्य आयुष्यभर जे दिसेल त्याची चौकशी करीत राहिला. हिंदुस्थानी आणि फारसी तो शिकला, मराठीही शिकला. मोजणी, बांधकाम, कायदा, भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास त्याने आपल्या आपण केला. चित्रे काढली, आणि त्याने काढलेली दख्खनची दृश्ये १८३७ साली लंडनमध्ये छापून निघाली. यांपैकी बहुतेक गोष्टी करण्यास त्यास कोणी सांगितले नव्हते.

पण हिंगोलीचा संबंध आला की एक निराळीच हकीकत पुढे येते, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे प्राप्त आहे. हिंगोलीस येण्यापूर्वी टेलर निजामाच्या नैर्ऋत्येकडील मुलखात पोलिसाच्या कामावर होता. रस्त्यावर वाटसरूंचे मृतदेह सापडत, मारेकरी सापडत नसत. त्याने शोध आरंभला, धागा हाती येऊ लागला, आणि तेवढ्यात पलटणीत परत रुजू होण्याचा हुकूम सुटला. पुढे ठगांचा शोध लावल्याचे श्रेय स्लीमनच्या पदरी पडले. ही रुखरुख टेलरने अखेरपर्यंत बाळगली. हुकूम निघाला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या आत्मचरित्रात वाचकांस स्पष्ट ऐकू येतो.

आता दैवाची थट्टा पाहा. जो धागा हातून सुटला त्याचे दुसरे टोक हिंगोलीच्याच बाजारात होते. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी छावणीत दुकान चालवीत असे. अधिकाऱ्यांचा त्याच्याशी व्यवहार असे, टेलरचाही होता. हा हरिसिंग त्या टापूतील ठगांचा नायक होता! जवळच्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे असे त्यास कळले. तेव्हा त्याने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याच्याकडून, आपलाच माल येत आहे असे भासवून, परवाना घेतला. मग त्या व्यापाऱ्यास आणि त्याच्या माणसांस वाटेत ठार केले, आणि परवान्याच्या जोरावर तेच कापड छावणीत आणून उघड उघड विकले. पकडला गेल्यावर त्याने हे स्वतःच सांगितले, आणि सांगताना त्यास त्याची मौज वाटत होती. पुढे पहाऱ्याच्या चौक्यांपासून काही शे यार्डांच्या आत पुरलेली प्रेते उकरण्यात आली. त्यांतील काही खड्डे उघडले तेव्हा टेलर स्वतः हजर होता.

हे सर्व टेलरने आपल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडात तिने खळबळ उडविली. ठगांची सांकेतिक भाषाही याच सुमारास लोकांपुढे आली. स्लीमनने १८३६ साली तिचा कोशच छापला. गळा आवळण्याच्या इशाऱ्यास ‘झिरणी’ आणि खड्डा खणणाऱ्यास ‘लुघाई’ म्हणत, असे त्यात आहे. येथे वाचकांनी एक सावधगिरी मात्र बाळगावी. हे पुष्कळसे ज्ञान माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आले. ज्यास फाशी चुकवावयाची आहे तो साहेबास रुचेल तेच सांगेल, अशी शंका अलीकडच्या इतिहासकारांनी घेतली आहे, आणि ती निराधार नाही. ठग ही एका धर्माने बांधलेली देशव्यापी गुप्त संघटना होती, ही स्लीमनची कल्पना आज जशीच्या तशी कोणी स्वीकारणार नाही. खड्ड्यांतील प्रेते मात्र खरी होती. आमच्या मते टेलरच्या लिखाणाचा हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. ज्याच्याकडून कापड घेतले त्याचा धंदा आपणांस कळला नाही, हे त्याने लपविले नाही. लोकांची भाषा येणे आणि लोक कळणे यांतील अंतर अनेक पंडितांसही मान्य होत नाही. या शिपाईगड्याने ते छापून टाकले.

यानंतर टेलर १८४१ पासून सुरपूरच्या संस्थानात कारभार पाहू लागला. तेथे त्याचे लक्ष माळरानावरच्या प्रचंड शिळांकडे गेले. विभूतिहळ्ळीच्या शिळांच्या रांगा त्याने मोजल्या. जेवरगी येथील दगडी वर्तुळे खणली. खणताना माती, दगड, हाडे, मडकी कोणत्या थरात कशी होती याचे उभे छेद त्याने रेखाटून ठेविले. पुरातत्त्व हा धंदा म्हणून हिंदुस्थानात उभा राहण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. पुढे शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरसारख्या कसलेल्या उत्खननकाराने त्या छेदांची वाखाणणी केली. निष्कर्षात मात्र टेलर चुकला. आयर्लंडातील व इंग्लंडातील शिळावर्तुळांशी असलेले साम्य पाहून या शिळा रचणारे लोक केल्ट अथवा शक वंशाशी संबंधित असावेत असे त्यास वाटले. आज आपण त्या दफनस्थळांस दक्षिणेतील लोहयुगाच्या काळातील मानतो, आणि केल्टांशी त्यांचा काही संबंध जोडीत नाही. अनुमान बुडाले, रेखाटने तरली.

१८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला. तुळजापूर त्याच मुलखात येते. ‘तारा’ ही त्याची १८६३ ची कादंबरी तुळजापूर, विजापूर आणि अफझलखानाचे प्रकरण यांवर रचलेली आहे. १६५७, १७५७ आणि १८५७ असे शंभर-शंभर वर्षांचे अंतर ठेवून त्याने तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतील ही पहिली. मराठी वाचकास तिच्यात खोड काढण्यासारखे पुष्कळ सापडेल. देवळातली सकाळ आणि घाटातली वाट मात्र पाहून लिहिलेली आहे.

निवृत्तीनंतर तो आयर्लंडात राहिला. कर्नल फ्रेंच याने डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीस हिंदी वाद्यांचा संग्रह दिला. त्याच्या वर्णनात्मक यादीशी टेलरचेही नाव जोडलेले आहे. आपल्याकडे शिंग, सनई, संबळ ही वाद्ये लग्नात आणि जत्रेत वाजत असता ती कशाची बनतात, कोण वाजवितो हे लिहून ठेवण्याची गरज फार थोड्यांस वाटली. नामदेवांची नरसी या हिंगोलीजवळच आहे. तेथील पखवाज-टाळांची १८३० सालची नोंद कोणा गावकऱ्याने करून ठेविली असती, तर आज डब्लिनच्या यादीकडे पाहण्याचे आम्हांस कारण पडले नसते. तो दोष टेलरचा नव्हे.

१८७५ साली त्याची दृष्टी गेली. त्या अवस्थेतही तो एकदा हैदराबादेस येऊन गेला. येथे ताप जडला, आणि परतीच्या वाटेवर १८७६ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर मांतों येथे तो वारला. हिंगोली, हरिसिंग आणि सुटलेला धागा यांच्यासह त्याच्या आयुष्याची हकीकत पुढील वर्षी त्याच्या मुलीने प्रसिद्ध केली.